रद्दीतून परत आलेला चित्रकार

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी वर्तमानपत्र येत असेल. सकाळी ते दारात पडते, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला ते आधी हवे असते. दुपारपर्यंत ते सर्वांचे वाचून होते. संध्याकाळी ते कोपऱ्यात जाऊन पडते. महिना संपला की रद्दीवाला येतो, सगळे अंक तराजूत टाकतो आणि घेऊन जातो. वर्तमानपत्राचे आयुष्य हे असे एका दिवसाचे असते.

आता तुम्ही विचार करा. एखाद्या माणसाने आपल्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे अशा एका दिवसाच्या कागदासाठी खर्च केली, तर त्याच्या कामाचे पुढे काय होईल? तेही रद्दीतच जाईल ना? अमेरिकेतल्या एका चित्रकाराच्या बाबतीत अगदी असेच होण्याची वेळ आली होती. त्या चित्रकाराचे नाव जॉर्ज हेरिमन. त्यांची चित्रे रद्दीतून परत कशी आली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आयुष्यातले एक गुपितही उजेडात कसे आले, ते आज आपण पाहू या.

आधी एक गोष्ट समजून घ्या. वर्तमानपत्रात रोज एक लहानशी चित्रांची पट्टी येते, ती तुम्ही पाहिली असेल. तीन-चार चौकटी, त्यांत तीच ती पात्रे आणि शेवटी एखादा विनोद. अशा पट्टीला आपण हास्यचित्रमालिका म्हणू. मराठीत १९९१ साली 'सकाळ' या दैनिकात 'चिंटू' सुरू झाला, तो अशाच मालिकेतला. चिंटूच्या रोजच्या पट्ट्या पुढे पुस्तकरूपानेही निघाल्या. अमेरिकेत अशा मालिका शंभर वर्षांहून अधिक काळापासून छापल्या जात आहेत. तिथे रोजच्या छोट्या पट्टीशिवाय रविवारी एक संपूर्ण मोठे पान चित्रांचे असे. मुले त्या पानाची आठवडाभर वाट पाहत. सोमवारी मात्र तेही पान रद्दी होई.

जॉर्ज हेरिमन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८८० रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स या शहरात झाला. हे शहर लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले आहे. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी अशा कितीतरी लोकांची तिथे सरमिसळ झाली होती. अशा मिश्र वंशाच्या लोकांना तिथे क्रिओल म्हणत. हेरिमन यांचे कुटुंब अशाच क्रिओल समाजातले होते. त्यांच्या पूर्वजांत गोरेही होते आणि कृष्णवर्णीयही होते. जॉर्जच्या आजोबांचे शिंप्याचे दुकान होते. वडीलही शिंपीकाम करत. घरातले लोक शिकलेले होते. गुलामगिरी नष्ट व्हावी, म्हणून ज्यांनी काम केले, त्यांत या घराण्यातली माणसेही होती.

गुलामगिरी कायद्याने गेली, पण माणसाच्या मनातला भेद गेला नाही. १८९० साली लुइझियाना राज्याने एक कायदा केला. आगगाडीत गोऱ्यांचा डबा वेगळा आणि कृष्णवर्णीयांचा डबा वेगळा, असे त्या कायद्याने ठरले. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल लोकांनी त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला. १८९६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो त्यांच्या विरुद्ध गेला. पूर्वज गोरा असो वा फ्रेंच असो, अंगात आफ्रिकी रक्ताचा थोडा अंश असला, की माणसाला वेगळ्या रांगेत उभे राहावे लागे.

हेरिमन कुटुंबाने हा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. जॉर्ज साधारण दहा वर्षांचा असताना आईवडिलांनी घर आवरले आणि ती सर्व मंडळी देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला राहायला गेली. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. त्यांचा वर्ण फारसा काळा नव्हता. नव्या गावात लोकांनी त्यांना गोरे मानले आणि त्यांनीही ते नाकारले नाही. त्यामुळे मुलांना चांगल्या शाळेत जाता आले, आवडेल ते काम करता आले. पण त्याची किंमतही मोठी होती. आपण कुठून आलो, आपले आजीआजोबा कोण, हे आता कोणाला सांगायची सोय उरली नव्हती. दहा वर्षांच्या मुलाला आपले गाव आणि आपले गणगोत मनातच ठेवायला शिकावे लागले.

जॉर्जने लॉस एंजेलिसमधील सेंट व्हिन्सेंट कॉलेज या कॅथलिक शाळेत शिक्षण घेतले. १८९७ साली ते शिक्षण संपले. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता. त्याने एका हॉटेलचे चित्र काढले आणि ते 'लॉस एंजेलिस हेरल्ड' या वर्तमानपत्राला विकले. त्या चित्रामुळे त्याला तिथेच नोकरी मिळाली. छपाईसाठी चित्रांचे ठसे तयार करणाऱ्या विभागात तो मदतनीस झाला. पगार होता आठवड्याला २ डॉलर.

पण मोठी वर्तमानपत्रे होती दूर न्यूयॉर्कला. विसाव्या वर्षी जॉर्ज चोरून एका मालगाडीत चढला आणि न्यूयॉर्कला पोहोचला. सुरुवातीचे दिवस हालाचे गेले. कोनी आयलंड या जत्रेसारख्या ठिकाणी तो जाहिरातींचे फलक रंगवी आणि ओरडून गिऱ्हाइकांना बोलावी. हळूहळू त्याची चित्रे साप्ताहिकांत आणि दैनिकांत छापून येऊ लागली. १९०२ साली मेबल ब्रिज या तरुणीशी त्याचे लग्न झाले. पुढे त्यांना दोन मुली झाल्या.

त्याच वर्षी हेरिमन यांनी काढलेल्या एका लहानशा मालिकेकडे आज अभ्यासक फार लक्ष देऊन पाहतात. तिचा नायक एक गरीब कृष्णवर्णीय वादक आहे. तो दुसऱ्या लोकांचा वेश घेऊन त्यांच्यात मिसळू पाहतो. पण ते त्याला ओळखतात आणि चोप देतात. वाचकांनी ती चित्रे पाहिली, ते हसले आणि पान उलटून पुढे गेले. ते चित्र काढणाऱ्याला वेशांतराची भीती स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असेल, असे कोणाच्याही मनात आले नाही.

पुढची काही वर्षे हेरिमन यांनी अनेक वर्तमानपत्रांत काम केले. कधी न्यूयॉर्क, तर कधी लॉस एंजेलिस. मालिका सुरू होत आणि काही आठवड्यांत बंद पडत. मग १९१० साल उजाडले. त्या वर्षी जून महिन्यात त्यांनी एका कुटुंबाची गमतीदार मालिका सुरू केली. हे कुटुंब वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या त्रासाने हैराण झालेले असते. चौकटींच्या खाली थोडी जागा रिकामी राही. ती भरून काढावी म्हणून हेरिमन तिथे त्या घरातले मांजर आणि एक उंदीर काढू लागले. २६ जुलै १९१० रोजी त्या उंदराने मांजराच्या डोक्यात काहीतरी फेकून मारले. ही गंमत लोकांना आवडली. खाली लुडबुडणारे हे दोन प्राणी इतके लोकप्रिय झाले, की २८ ऑक्टोबर १९१३ पासून त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली. तिचे नाव 'क्रेझी कॅट', म्हणजे वेडे मांजर. २३ एप्रिल १९१६ पासून रविवारी तिचे संपूर्ण पान येऊ लागले.

या मालिकेची गोष्ट अगदी साधी आहे. क्रेझी नावाच्या मांजराचे इग्नॅट्झ नावाच्या उंदरावर प्रेम आहे. उंदराला मांजर मुळीच आवडत नाही. तो कॉलिन केली नावाच्या वीटवाल्याकडून वीट विकत घेतो आणि नेम धरून मांजराच्या डोक्यात हाणतो. मांजराला मात्र वाटते, की आपली आठवण झाली म्हणूनच उंदराने ही वीट पाठवली! ते आनंदाने फुलून जाते. तिसरे पात्र म्हणजे एक कुत्रा. तो गावचा पोलीस आहे. त्याचे मांजरावर मनापासून प्रेम आहे. वीट फेकली गेली की तो उंदराला पकडतो आणि तुरुंगात टाकतो. एवढीच गोष्ट. पण हेरिमन यांनी ती तीस वर्षे सांगितली, आणि दर वेळी ती नवी वाटली. कधी वीट चुकते, कधी पोलीस झोपतो, कधी वीट भिंतीआडून येते, तर कधी वीट आलीच नाही म्हणून मांजर उदास बसून राहते.

मित्रांनो, एक भाषेची गंमत पाहा. हे मांजर नर आहे की मादी, हे हेरिमन यांनी कधीच ठरवले नाही. एखाद्या चौकटीत ते नर असते, तर दुसऱ्या चौकटीत मादी. इंग्रजी वाचक त्यामुळे गोंधळून जात. उर्दूत सांगायचे झाले, तर तुम्हांलाही बिल्ला म्हणावे की बिल्ली, असा प्रश्न पडेल. मराठीत मात्र ही अडचण येत नाही. मराठीत नपुंसकलिंग आहे. 'ते मांजर' म्हटले की काम भागते!

मांजराची बोलीही अशीच न्यारी आहे. इंग्रजीत ते बोलते खरे, पण त्यात न्यू ऑर्लिन्सची बोली, स्पॅनिश, फ्रेंच आणि न्यूयॉर्कच्या ज्यू लोकांची यिडिश या सर्वांचे शब्द मिसळलेले आहेत. शब्द जसे कानाला ऐकू येतात तसेच ते लिहिलेले आहेत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी बोलणाऱ्या मुलांना हे मांजर फार जवळचे वाटेल. हेरिमन यांना आपले जन्मगाव उघडपणे सांगता येत नव्हते. पण त्या गावाचा बोलण्याचा सूर त्यांनी मांजराच्या तोंडी ठेवला होता.

या मालिकेतले गाव आहे कोकोनिनो. हे नाव हेरिमन यांच्या कल्पनेतले नाही. कोकोनिनो हा अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा खराच एक जिल्हा आहे. हेरिमन यांना त्या भागातल्या वाळवंटाचे भारी वेड होते. तेथून पुढे, ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेवर मॉन्युमेंट व्हॅली नावाचा प्रदेश आहे. लाल मातीच्या सपाट भूमीवर तिथे शेकडो फूट उंचीचे खडक मनोऱ्यांसारखे उभे आहेत. हा नावाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश. हेरिमन तिथे वारंवार जात, मित्रांकडे राहत आणि नावाहो लोकांनी विणलेल्या गालिच्यांवरची नक्षी पाहत बसत. ते खडक आणि ती नक्षी त्यांच्या चित्रांत उतरली. शिवाय त्यांच्या चित्रांत एक जादू असे. मांजर आणि उंदीर जागचे हलत नाहीत, पण पहिल्या चौकटीत त्यांच्यामागे डोंगर असतो, दुसऱ्या चौकटीत झाड आणि तिसऱ्या चौकटीत एकदम रात्र होऊन चंद्र उगवतो. ज्या गावात कोणतीच वस्तू एका रूपात टिकत नाही, असे ते गाव होते.

हेरिमन यांच्या काही पानांवर रंगांचाही खेळ दिसतो. काळे मांजर पांढरे होऊन येते, तेव्हा एरवी वीट मारणारा उंदीर त्याच्यावर भाळतो. ते आपलेच जुने मांजर आहे, असे कळताच त्याचे प्रेम आटते आणि वीट पुन्हा हातात येते. प्राणी तोच, मन तेच. बदलला तो फक्त रंग. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना त्यात केवळ विनोद दिसला.

ही मालिका सर्वांनाच आवडत असे, असे मात्र नाही. पुष्कळ वाचकांना ती कळतच नसे. संपादकांना तर ती नकोशी वाटे. पण वर्तमानपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना ती मनापासून आवडत असे. त्यांनी संपादकांचे ऐकले नाही आणि ती चालू ठेवली. हळूहळू जाणकारांचेही तिच्याकडे लक्ष गेले. १९२२ साली जॉन ऑल्डन कार्पेंटर या संगीतकाराने तिच्यावर नृत्यनाट्य रचले आणि ते न्यूयॉर्कला सादर झाले. १९२४ साली गिल्बर्ट सेल्डिस या समीक्षकाने आपल्या ग्रंथात या मालिकेवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. रोजच्या वर्तमानपत्रातली चित्रपट्टी ही उच्च दर्जाची कला असू शकते, हे तेव्हा इतक्या ठामपणे फार थोड्या लोकांनी म्हटले होते.

हेरिमन स्वभावाने अतिशय लाजाळू होते. स्तुती झाली की ते संकोचून जात. प्राण्यांवर त्यांचे फार प्रेम होते. घरात कुत्री आणि मांजरे नेहमी असत. ते बहुतेक छायाचित्रांत डोक्यावर मोठी टोपी घातलेले दिसतात. घराच्या आतही ते टोपी काढत नसत. आपले कुरळे केस लोकांच्या नजरेस पडू नयेत, असे त्यामागचे कारण असावे, असे त्यांचे चरित्रकार मानतात. सहकारी त्यांना गमतीने ग्रीक म्हणत. ते कोठले आहेत याचा कोणालाच अंदाज नव्हता, आणि हेरिमनही कोणाचा अंदाज खोडून काढत नसत.

त्यांचे उतारवय दुःखात गेले. १९३१ साली मोटार अपघातामुळे पत्नी मेबल मरण पावल्या. १९३९ साली धाकट्या मुलीचेही निधन झाले. हाताचे सांधे दुखत, तरी चित्र काढणे थांबले नाही. १९३५ पासून रविवारचे पान रंगीत छापले जाऊ लागले होते. वाळवंटातले तांबडे खडक आणि जांभळे आकाश आता वाचकांना रंगात पाहायला मिळाले. पण मालिका छापणारी वर्तमानपत्रे मात्र कमी होत गेली. शेवटी ती अवघ्या ३५ च्या आसपास उरली होती. २५ एप्रिल १९४४ रोजी हेरिमन यांचे लॉस एंजेलिस येथे झोपेतच निधन झाले. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांची नोंद गोरे अशी झाली. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा विमानातून मॉन्युमेंट व्हॅलीवर विखुरण्यात आली. त्यांनी आधी काढून ठेवलेली पाने पुढे दोन महिने छापली गेली. २५ जून १९४४ रोजी शेवटचे पान आले. मालिका दुसऱ्या चित्रकाराकडे न देता बंद करण्यात आली.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू या. तीस वर्षांच्या या कामाचे पुढे काय झाले?

दोन वर्षांनी, १९४६ साली, निवडक पानांचे एक पुस्तक निघाले. ई. ई. कमिंग्ज या प्रसिद्ध कवीने त्याला प्रस्तावना लिहिली. पुस्तक फार मोठे नव्हते, पण ते एका तरुणाच्या हाती पडले. त्याचे नाव चार्ल्स शुल्झ. तो लहान असताना त्याच्या गावच्या वर्तमानपत्रांत ही मालिका येत नव्हती. पुस्तकामुळे ती त्याला अभ्यासता आली. मुलांच्या साध्या खोड्यांच्या पलीकडे जाणारी मालिका काढावी, असे त्याला वाटू लागले. १९५० साली त्याने 'पीनट्स' सुरू केली. चार्ली ब्राउन आणि त्याचा कुत्रा स्नूपी यांना आज सगळे जग ओळखते. विचार करा, ते एक पुस्तक निघाले नसते तर?

तरीही बाकीची शेकडो पाने विखुरलेलीच होती. मोठ्या ग्रंथालयांत जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड होते. तिथे ती सुरक्षित राहायला हवी होती. पण घडले उलटेच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि पुढे त्याचे तुकडे पडू लागतात. शिवाय त्याला जागा फार लागते. म्हणून ग्रंथालयांनी पानांची लहान आकाराच्या फिल्मवर छायाचित्रे घेतली आणि मूळ खंड काढून टाकायला सुरुवात केली. ही फिल्म काळीपांढरी होती. म्हणजे रविवारच्या पानांचे रंग कायमचे जाणार होते.

हे पाहून सॅन फ्रान्सिस्को शहरातील एक लेखक अस्वस्थ झाले. त्यांचे नाव बिल ब्लॅकबिअर्ड. त्यांनी ग्रंथालयांकडे जुने खंड मागितले. पण ग्रंथालये ते एकट्या माणसाला देऊ शकत नव्हती. धर्मादाय संस्थेला देऊ शकत होती. ब्लॅकबिअर्ड यांनी काय करावे? १९६८ साली त्यांनी स्वतःच एक संस्था काढली! संस्थेचे कार्यालय म्हणजे त्यांचे राहते घर. मग देशभरातून खंड येऊ लागले. खोल्या, जिने, मोटारीची जागा, सगळीकडे वर्तमानपत्रेच वर्तमानपत्रे. ते एकेक अंक उघडत, चित्रांची पाने कापत आणि तारखेप्रमाणे लावून ठेवत. हे काम त्यांनी तीस वर्षे केले. १९९८ साली हा सारा संग्रह ओहायो राज्यातील विद्यापीठाकडे गेला. त्याचे वजन सुमारे ७५ टन होते आणि तो नेण्यासाठी सहा मोठे ट्रक लागले.

या संग्रहामुळेच 'क्रेझी कॅट'ची रविवारची सर्व पाने पुन्हा छापणे शक्य झाले. १९८८ साली पहिला खंड निघाला. एका खंडात एका वर्षाची पाने, असे नऊ खंड झाले आणि प्रकाशन थांबले. संग्राहक वाट पाहत राहिले. दहा वर्षांनी, २००२ साली, दुसऱ्या एका प्रकाशन संस्थेने जिथे धागा तुटला होता तिथून, म्हणजे १९२५ च्या पानांपासून, पुन्हा सुरुवात केली. या खंडांची मांडणी ख्रिस वेअर या आजच्या नामवंत चित्रकाराने केली. २००८ साली १९४४ चे शेवटचे पान छापले गेले आणि काम पूर्ण झाले. ज्या पानांना काढायला २८ वर्षे लागली, ती पुन्हा एकत्र करून छापायला २० वर्षे लागली!

आज जगभर असे संग्राहक आहेत, की ज्यांच्या कपाटात हे खंड ओळीने मांडलेले असतात. मधला एखादा खंड नसला, तर ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तो शोधत फिरतात. तुम्हांला वाटेल, ही केवळ हौस आहे. पण नीट पाहा. एक पान एका दिवसापुरते हसवते. हजारो दिवसांची पाने एकापुढे एक ठेवली, की त्यांमागचा माणूस दिसू लागतो.

हेरिमन यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. १९७१ साली आर्थर असा बर्गर नावाचे एक अभ्यासक त्यांच्याविषयी लेख लिहीत होते. त्यांनी न्यू ऑर्लिन्स येथून हेरिमन यांच्या जन्माचा दाखला मागवला. त्यावर वर्णाच्या जागी कृष्णवर्णीयांसाठी त्या काळी वापरला जाणारा शब्द होता. हेरिमन यांना जाऊन तेव्हा २७ वर्षे झाली होती. जे त्यांनी आयुष्यभर टोपीखाली झाकले, ते एका जुन्या कागदाने सांगून टाकले. मग लोकांनी त्यांची पाने पुन्हा वाचायला घेतली. वेश बदलणारा वादक, रंग बदलणारे मांजर, रूप बदलणारे गाव, अनेक बोली एकाच वेळी बोलणारे तोंड. या साऱ्याचा अर्थ आता नव्याने उमगू लागला. पण ही पाने रद्दीत गेली असती, तर पुन्हा वाचायला उरले काय असते?

मित्रांनो, हेरिमन यांनी आपले गुपित लपवले, म्हणून त्यांना दोष देऊ नका. ज्या समाजात खरे सांगितल्यावर शाळेचे आणि नोकरीचे दार बंद होते, त्या समाजाचा तो दोष आहे. हेरिमन यांनी कोणाचा द्वेष केला नाही. डोक्यात वीट बसली तरी जे प्रेमच करत राहते, असे एक वेडे मांजर त्यांनी जगाला दिले.

आणि एक लहानसे काम तुम्हीही करू शकता. या महिन्यात रद्दी देण्यापूर्वी एकदा ती चाळून पाहा. मराठी असो वा उर्दू असो, वर्तमानपत्रात आवडलेले चित्र, कविता किंवा गोष्ट दिसली, तर ती नीट कापा आणि एका वहीत चिकटवा. बाजूला वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख लिहायला विसरू नका. बिल ब्लॅकबिअर्डही पाने तारखेप्रमाणेच लावत असत.